बिनकळसाची इमारत

दिवाळीच्या सुटीत अंगणात किल्ला करणारी मुले आपण सर्वांनीच पाहिली आहेत. माती कालवावी, गोणपाट भिजवावे, दगड रचावेत, तटाखाली अळीव पेरावा, यात त्यांचे चार दिवस कसे निघून जातात ते कळत नाही. मग शिखरावर शिवाजीमहाराज बसतात, बुरुजांवर मावळे उभे राहतात, शेजारीपाजारी येऊन वाहवा करतात. आणि नेमके त्याच वेळी मुलांचे लक्ष किल्ल्यावरून उडालेले असते. होत होता तोवर किल्ला करणाऱ्यांचा होता. पुरा झाला, आता तो पाहणाऱ्यांचा.

मोठ्या इमारतींचेही असेच आहे. त्या आपल्याला माहीत असतात त्या पुऱ्या झालेल्या. पोस्टाच्या तिकिटावर, नोटेवर, शाळेच्या पुस्तकात त्या येतात त्या जणू जमिनीतून तशाच्या तशा उगवल्यासारख्या. परांची उतरते, चुन्याचे डाग धुतले जातात आणि त्याबरोबर ज्यांनी दगड वाहिले त्यांच्या खुणाही धुतल्या जातात. म्हणून एखादी नामांकित इमारत अर्धवट बांधलेली दाखवणारे जुने चित्र हाती लागले की मला फार आनंद होतो. असे एक चित्र माझ्या संग्रही आहे, आणि त्याचीच हकीकत आज वाचकांना सांगायची आहे.

न्यू यॉर्कहून निघणाऱ्या एका सचित्र साप्ताहिकात १८६१ सालच्या मार्च महिन्यात ते छापून आले. कागद आता चहाच्या रंगाचा झाला आहे. चित्राचा विषय अब्राहाम लिंकन यांचा अध्यक्षपदाचा शपथविधी. पुढे माणसांची दाटी, टोप्याच टोप्या. त्यामागे पायऱ्या आणि उंच खांबांची ओसरी. ओसरीपुढे शपथविधीसाठी उभारलेला लाकडी मांडव. येथवर सारे यथास्थित. पण नजर वर गेली की ती अडखळते. इमारतीच्या मध्यभागी खांबांचा एक प्रचंड गोल वेढा उभा आहे आणि त्यावर काहीच नाही. घुमट हवा तेथे आकाश आहे, आणि त्या आकाशात एका यारीचा लांब दांडा तिरपा उभा आहे. घरी आलेल्या एका पाहुण्यांनी हे चित्र पाहून विचारले होते, “ही आगीत जळालेली इमारत का हो?”

ही वॉशिंग्टनमधील कॅपिटॉल, म्हणजे अमेरिकेच्या संसदेची इमारत. तिकडच्या संसदेला काँग्रेस म्हणतात. नावापलीकडे आपल्याकडच्या काँग्रेसशी तिचे काही नाते नाही. ही इमारत एकदा जळालीही होती, पण चित्रातील अवस्था आगीची नव्हे, बांधकामाची आहे.

चित्र कसे झाले हे आधी थोडक्यात सांगितले पाहिजे. त्या काळी फोटोग्राफी होती. त्या दिवशीचे छायाचित्रही आज उपलब्ध आहे. परंतु छायाचित्र अक्षरांच्या खिळ्यांबरोबर कागदावर छापण्याची युक्ती अद्याप निघाली नव्हती. म्हणून चित्रकार लाकडी ठोकळ्यावर उलटे चित्र काढी आणि कारागीर पोलादी टोचणीने ते कोरीत. लाकूड लागे बॉक्सवुड नावाच्या झाडाचे, शिसवीपेक्षाही चिवट. पण या झाडाचा बुंधा फार जाड होत नाही. म्हणून मोठ्या चित्रासाठी लहान लहान चौकोनी तुकडे मागून स्क्रूने आवळून एक पाट करीत. चित्र काढून झाले की पाट सोडवायचा आणि एकेक तुकडा एकेका कारागिराला द्यायचा. कुणाच्या वाट्याला गर्दी येई, कुणाच्या वाट्याला खांब, तर कुणाच्या वाट्याला नुसते आभाळ. शेवटी तुकडे पुन्हा जोडून एक मुरलेला कारागीर सांध्यांवरच्या रेघा जुळवून घेई. वाचकाला सांधा दिसता कामा नये, हे त्याचे कसब. तरीही असल्या चित्रांवर भिंग धरले, की पुष्कळदा कुठे तरी एक केसाएवढी पांढरी रेघ सापडते.

सांधा लपवायचा की दाखवायचा, हा प्रश्न या इमारतीच्या इतिहासात पुढेही येणार आहे.

तिची कोनशिला १८ सप्टेंबर १७९३ रोजी खुद्द जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या हस्ते बसली. १८०० साली काँग्रेस तेथे राहायला आली, तेव्हा इमारतीचा एकच भाग तयार होता. १८१४ च्या ऑगस्टमध्ये इंग्रज फौजेने राजधानीत शिरून ती पेटवून दिली. वादळी पाऊस आला म्हणून भिंती तरी वाचल्या. मग दुरुस्ती होऊन मधोमध लाकडाचा, वरून तांब्याचा पत्रा मढवलेला एक बसका घुमट बसला. पण संघराज्यात नवी राज्ये सामील होत गेली, सभासद वाढले, बसायला जागा पुरेना. १८५१ च्या ४ जुलैला दोन्ही बाजूंना नवे पंख बांधायला प्रारंभ झाला. वास्तुतज्ज्ञ होते टॉमस वॉल्टर. पंखांमुळे इमारतीची लांबी दुपटीहून जास्त होणार, आणि तिच्यावर तो जुना घुमट म्हणजे धिप्पाड पैलवानाच्या डोक्यावर लहान पोराची टोपी! १८५५ च्या मार्चमध्ये काँग्रेसने नव्या घुमटाला मंजुरी दिली.

हा घुमट ओतीव लोखंडाचा करायचे ठरले. याला एक कारण होते. १८५१ च्या नाताळच्या आदल्या दिवशी इमारतीतल्या ग्रंथालयाला आग लागून सुमारे ३५,००० पुस्तकांची राख झाली होती. लाकडी घुमटाखाली बसायची आता कुणाला हौस नव्हती. शिवाय दगडी घुमट पेलण्याचे बळ जुन्या भिंतींत नव्हते. बांधकामाची देखरेख माँटगोमेरी मेग्ज या लष्करी इंजिनिअरकडे होती. मधल्या गोल दालनाच्या जमिनीपासून वरपर्यंत त्यांनी लाकडी परांचीचा एक मनोरा उभारला, त्यावर यारी बसवली आणि ती वाफेच्या इंजिनाने चालवली. इंजिनाला जळण म्हणून जुन्या घुमटाचे लाकूड घातले. नव्या घुमटाला जुन्या घुमटाने असा खांदा दिला. न्यू यॉर्कच्या कारखान्यात ओतलेले लोखंडाचे भाग येत, वर चढत आणि बोल्टांनी जोडले जात. खालच्या वेढ्यालाच ३६ खांब. सगळ्या घुमटाचे लोखंड ८९ लाख पौंडांवर. ठेकेदाराचा दर ठरला होता पौंडाला ७ सेंट. राष्ट्राचा मुकुट, पण खरेदी भाजीसारखी वजनावर!

आता पुन्हा चित्रातल्या त्या दिवसाकडे वळू. ४ मार्च १८६१. गुलामगिरीच्या प्रश्नावरून दक्षिणेकडची सात राज्ये तोवर संघराज्यातून फुटली होती. त्यांनी आपला निराळा अध्यक्षही नेमला होता, आणि त्याचा शपथविधी दोन आठवड्यांपूर्वीच उरकला होता. त्याचे नाव जेफर्सन डेव्हिस. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. लिंकन यांच्या जिवाला धोका असल्याची बोलवा होती, म्हणून कॅपिटॉलच्या खिडक्यांत नेमबाज बसवले होते. शपथ द्यायला उभे होते सरन्यायाधीश टॅनी, वय ८३. काळ्या माणसाला या देशाचा नागरिक होता येत नाही असा निवाडा चारच वर्षांपूर्वी, १८५७ मध्ये, त्यांनी दिला होता, आणि तोही याच इमारतीत, कारण सर्वोच्च न्यायालय तेव्हा येथेच भरे. ज्या चित्रात घुमट दुभंगल्यासारखा दिसतो, त्या दिवशी देशच दुभंगलेला होता. चित्रकाराला रूपक शोधावे लागले नाही. डोळ्यांना दिसले ते त्याने काढले.

महिनाभरात युद्ध पेटले. एप्रिलमध्ये राजधानीच्या रक्षणाला धावून आलेली पहिली पलटण सीनेटच्या सभागृहात झोपली. तळघरात भट्ट्या लागून सैनिकांसाठी पाव भाजू लागले. पुढच्या वर्षी जखमींचे इस्पितळही तेथेच झाले. मे महिन्यात मेग्ज यांनी काम थांबवण्याचा हुकूम काढला. सरकारला आता पैसा तोफांसाठी हवा होता.

आणि तरीही घुमट वाढत राहिला. याचे श्रेय लोककथेने लिंकन यांना दिले आहे. काम चाललेले दिसले म्हणजे देशही चालणार आहे अशी लोकांची खात्री पटेल, असे ते म्हणाल्याचे सांगतात. त्यांच्या मनात असा विचार असेलही. परंतु प्रत्यक्षात काम चालू ठेवले ते ठेकेदाराने. त्याचे सुमारे १३ लाख पौंड लोखंड इमारतीभोवती न बसवता पडून होते. उघड्यावर टाकावे तर गंजणार, तुटणार, चोरीस जाणार. तेव्हा पैसे मिळतील तेव्हा मिळतील, पण माल वर चढवलेला बरा, असा हिशेब करून त्याने माणसे कामावर ठेवली. सरकारी पैसा पुन्हा सुरू झाला तो १८६२ मध्ये. मला या हकीकतीने त्या कामाची थोरवी कमी झालीशी वाटत नाही. देश टिकतात ते पुढाऱ्यांच्या उद्गारांवर थोडेसे, आणि हातातले काम अर्धवट टाकायचे नाही या साध्या हट्टावर पुष्कळसे.

आता कळसाकडे येऊ. घुमटावर स्वातंत्र्यदेवतेची मूर्ती बसवायची होती. रोममध्ये राहणारे अमेरिकन शिल्पकार टॉमस क्रॉफर्ड यांनी तिचा आराखडा केला आणि देवतेच्या मस्तकावर एक मऊ, टोक पुढे झुकलेली टोपी घातली. प्राचीन रोममध्ये गुलाम मुक्त झाला की त्याला अशी टोपी मिळे. तेव्हापासून ती स्वातंत्र्याची खूण. आराखडा मंजुरीला गेला युद्धमंत्र्यांकडे, कारण बांधकाम त्यांच्या खात्याकडे होते. हे युद्धमंत्री म्हणजेच जेफर्सन डेव्हिस! स्वतः मिसिसिपी राज्यातले मळेवाले, पदरी गुलाम बाळगणारे. त्यांनी हरकत घेतली. ही टोपी सुटलेल्या गुलामाची. आमचे लोक जन्मतः स्वतंत्र, त्यांच्या देवतेला ती शोभत नाही, असे त्यांचे म्हणणे. क्रॉफर्ड यांनी निमूटपणे टोपी काढली आणि गरुडाचे मुख व पिसे असलेले शिरस्त्राण चढवले. आजही दुरून पाहणाऱ्याला ही देवता कुणी तुरा लावलेली रानातली राणी वाटते, त्याचे मूळ हे आहे.

क्रॉफर्ड १८५७ मध्ये वारले. प्लॅस्टरची मूर्ती पाच भागांत जहाजावर चढली, जहाजाला गळती लागली, वाटेत बर्म्युडाला ती उतरवून ठेवावी लागली. वॉशिंग्टनला सारे भाग पोहोचायला १८५९ चा मार्च उजाडला. तेथे एका इटालियन कारागिराने ते जोडले, सांधे प्लॅस्टरने लिंपून बेमालूम केले आणि मूर्ती लोकांना पाहण्यासाठी उभी राहिली. ब्राँझमध्ये ओतण्याचे काम क्लार्क मिल्स यांच्या ओतशाळेकडे गेले. ओतायची तर मूर्तीचे पुन्हा भाग करायला हवेत. पण सांधे आहेत कुठे? इटालियन गृहस्थ म्हणाले, पगार वाढवा, मग दाखवतो.

ओतशाळेत फिलिप रीड नावाचा एक कामगार होता. तो गुलाम होता. मिल्स यांनी तो चार्ल्सटन शहरी १,२०० डॉलरला विकत घेतला होता. कारण? त्याच्या अंगची हुशारी नजरेत भरली म्हणून. रीडने एक युक्ती काढली. मूर्तीच्या मस्तकात एक लोखंडी कडी होती. तिला दोर अडकवून, कप्पीवरून तो हळूहळू ताणायचा. ताण वाढत गेला तसा वरचा भाग किंचित उचलला गेला आणि जेथे सांधा होता तेथे प्लॅस्टरला बारीक चीर दिसली. मग दुसरी, मग तिसरी. कुठेही न फुटता मूर्तीचे पाचही भाग सुटे झाले. ही हकीकत मिल्स यांच्या मुलाने १८६९ मध्ये सांगितली.

रीडच्या कष्टाचा हिशेब सरकारी दप्तरात शिल्लक आहे. साच्यांखालची आग विझू न देण्याचे काम त्याने केले. आठवड्याच्या सहा दिवसांची मजुरी त्याच्या मालकाची. रविवारची मात्र त्याची स्वतःची, दिवसाला सव्वा डॉलर. अशा ३३ रविवारांचे ४१ डॉलर २५ सेंट त्याला मिळाले. पावतीवर सहीच्या जागी फुलीची खूण आहे. स्वातंत्र्यदेवतेचे शिल्पकार, वास्तुतज्ज्ञ, इंजिनिअर, मंत्री या सर्वांच्या सह्या आपण वाचू शकतो. जिच्यामुळे मूर्ती अखंड राहिली ती खूण एवढीच, दोन आडव्यातिडव्या रेघा.

१६ एप्रिल १८६२ रोजी राजधानीच्या हद्दीतील गुलामांच्या मुक्तीचा कायदा झाला. मालकांना भरपाई मिळणार होती. मिल्स यांनी रीडसाठी १,५०० डॉलर मागितले. अर्जात त्यांनी लिहिले की हा माणूस दिसायला रुबाबदार नाही, पण डोक्याने तल्लख आणि ओतकामात तरबेज आहे. सरकारने ३५० डॉलर ४० सेंट दिले. मुक्तीची भरपाई मालकाला; मुक्त झालेल्याला काय, तर मुक्ती! पुढे रीडने वॉशिंग्टनमध्येच प्लॅस्टरचे काम करून पोट भरले. २ डिसेंबर १८६३ रोजी देवतेचे मस्तक वर चढले आणि मूर्ती पुरी झाली. ३५ तोफांची सलामी झाली आणि शहराभोवतीच्या १२ किल्ल्यांनी तिला जबाब दिला. संघराज्यातील राज्ये तेव्हा ३५ होती, फुटून गेलेली धरून. उंची जमिनीपासून सुमारे २८८ फूट. ज्या डेव्हिस यांनी मुक्त गुलामाची टोपी नाकारली ते त्या दिवशी शत्रुपक्षाचे अध्यक्ष होते, आणि ज्याने मूर्तीचे सांधे शोधले तो मुक्त झालेला गुलाम होता. इतिहासाला कधी कधी असा विनोद सुचतो.

कळसाची ही कथा पायालाही लागू आहे. १७९० नंतरच्या वर्षांत याच इमारतीसाठी व्हर्जिनियातील अक्वीया खाडीच्या खाणींतून वालुकाश्म काढणारे आणि लाकूड कापणारे कितीतरी हात गुलामांचे होते. सरकार त्यांना मालकांकडून भाड्याने घेई आणि महिना पाच डॉलर मालकाच्या हाती ठेवी.

इतक्या दूरच्या इमारतीशी आपले काय नाते, असे कुणी विचारील. एक नाते कापसाचे. लढाईने अमेरिकेचा कापूस अडला तेव्हा लँकेशायरच्या गिरण्या आपल्याकडच्या कापसावर चालल्या. मुंबईत पैशाचा पूर आला, समुद्र हटवण्याच्या कंपन्या निघाल्या, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो सारा फुगा फुटला. पण हे नाते तिजोरीचे झाले. याहून मोलाचे एक आहे. गुलामगिरी देशभर नष्ट करणारी घटनादुरुस्ती ३१ जानेवारी १८६५ रोजी प्रतिनिधिगृहात संमत झाली, ती या नव्या घुमटाच्या इमारतीत. वर्ष सरता सरता ती अमलात आली. तिचा प्रतिध्वनी पुण्यात उमटला. १८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो अर्पण केला अमेरिकेतील सज्जनांना. निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी जो निःस्वार्थ त्याग केला त्याबद्दल आदर म्हणून, आणि आपल्या देशबांधवांनीही शूद्र भावंडांना सोडवण्यासाठी तो कित्ता गिरवावा या आशेने. येथल्या कापसाच्या व्यापाऱ्यांनी त्या युद्धात भाव पाहिला. फुल्यांनी त्यातला माणूस पाहिला.

तेथले काम संपले असे मात्र नव्हे. चार वर्षांच्या त्या युद्धात बंडखोरांचे निशाण कॅपिटॉलच्या आत कधी येऊ शकले नाही. ते आले ६ जानेवारी २०२१ रोजी, निवडणुकीचा निकाल अमान्य असलेल्या जमावातील एकाच्या खांद्यावरून. घुमट पुरा झाला म्हणजे घर पुरे झाले, अशा भ्रमात राहू नये.

पण दुसरीही गोष्ट घडली आहे. २००८ मध्ये इमारतीच्या पूर्वेला, जमिनीखाली, येणाऱ्या लोकांसाठी नवे दालन उघडले. त्यातील मोठ्या सभागृहाला ‘मुक्ती’चे नाव दिले आहे. २०१२ मध्ये तेथे अक्वीयाच्या वालुकाश्माचाच एक दगड बसवण्यात आला, इमारत बांधणाऱ्या गुलामांच्या स्मरणार्थ. ब्राँझची देवता २८८ फुटांवर आहे. तिचा चेहरा खालून कुणाला नीट दिसत नाही. क्रॉफर्ड यांची मूळ प्लॅस्टरची मूर्ती मात्र या सभागृहात, माणसांच्या मध्ये, जमिनीवर उभी आहे. शाळेतली मुले तिच्यासमोर येऊन थांबतात. फिलिप रीडने दोर ताणून जिचे सांधे शोधले, ती हीच.